वॉर्डातलं ट्रेनिंग : फार्मसीच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

डी.फार्म. या डिप्लोमाचं ५०० तासांचं ट्रेनिंग असो की फार्म.डी. या पदवीच्या सहाव्या वर्षाची इंटर्नशिप, कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पहिल्या महिन्यातल्या चुका बहुतेक त्याच त्याच असतात. फार्माकॉलॉजी पाठ असते. ट्रीटमेंट शीटवरची प्रत्येक गोळी कशासाठी, हे धडाधड सांगता येतं. पण कॉटवरच्या माणसाचं वजन किती, किडनी कशी चालते, उशाजवळच्या पिशवीत आणखी कुठल्या गोळ्या आहेत, हे विचारायचंच राहतं.

‘दुसरं काही औषध चालू आहे का?’

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे : ‘न्हाई, काय बी न्हाई.’ पेशंट खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी औषध म्हणजे या दुखण्यासाठी घेतलेलं औषध. शुगरची गोळी, डोळ्यांतले थेंब, दम्याचा पंप, वैद्यांनी दिलेलं चूर्ण, गावातल्या डॉक्टरांकडचं गुडघ्याचं इंजेक्शन, यातलं काहीच तो त्यात धरत नाही. म्हणून दिवसाच्या क्रमाने विचारा. ‘आजी, उठल्यावर चहाच्या आधी काय घेताय? न्याहारीनंतर? झोपताना? अंग दुखलं की काय घेताय?’ मग घरची गोळ्यांची पिशवी मागवा. चंदगड, आजरा, गगनबावडा भागातल्या पेशंटची पिशवी पुढच्या खेपेला येणाऱ्या नातेवाइकाबरोबरच येते, तेव्हा निरोप पहिल्याच दिवशी गेला पाहिजे. सीमाभागातल्या पेशंटला मराठी अवघड जात असेल, तर मान हलली म्हणजे कळलं असं धरू नका. कन्नड येणाऱ्या सिस्टरांना सोबत घ्या.

पिशवी आली की आधी अंगदुखीची गोळी शोधा. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक, ही तिकडी किडनीला फार महागात पडते. दुखण्याची गोळी किडनीत रक्त आणणारी वाट आवळते, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करते आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी कमी करते. त्यातच शेतात उन्हात काम, पाणी कमी किंवा दोन दिवस जुलाब झाले की क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) चढलंच म्हणून समजा.

‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि सगळ्यात सहज टाळता येते. समजा, ७२ वर्षांच्या आजी, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर आकड्यापुढे खूण नाही, म्हणून विद्यार्थी पुढे जातो. किडनी किती काम करते याचा अंदाज देणारं कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र मांडा : १४० वजा ७२ म्हणजे ६८, ६८ गुणिले ४२ म्हणजे २८५६, त्याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागलं की ३६ येतात. बाई असल्यामुळे गुणिले ०.८५. क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते तो आकडा, आला जेमतेम ३१. अंगावर मांसच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं आणि रिपोर्ट सोज्ज्वळ दिसतो. याच आजींना लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज लिहिलेलं असेल, तर २० ते ४९ क्लिअरन्सला ते ४८ तासांनी द्यायचं असतं.

दोन ठिकाणी जपा. केसपेपरवर वजनापुढे ‘अंदाजे ५०’ लिहिलेलं असतं. उभं राहता येणाऱ्या पेशंटला काट्यावर उभं करा. आणि क्रिएटिनिन रोज चढत किंवा उतरत असेल, तर हे सूत्र फसतं. किडनीचं काम स्थिर असेल तरच त्यावर भिस्त ठेवा.

इन्सुलिनची सिरिंज

कुपीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं. पेनच्या कार्ट्रिजमधलं आणि काही कुप्यांमधलं १००. सिरिंजही दोन : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. अदलाबदल झाली की काय होतं, ते एकदा वहीत मांडून बघा. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ०.२ मिली येतं; म्हणजे फक्त ८ युनिट, आणि शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो. उलट १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. हे जिवावर बेतू शकतं. टोपी काढून ठेवली की रंगाची ओळख गेली, तेव्हा नळीवरचा छापील आकडा आणि कुपीवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचा. डिस्चार्जच्या वेळी घरी कुठली सिरिंज आहे तेही विचारा. उघडलेल्या कुपीवर तारीख घाला, साधारण २८ दिवसांनी ती बाद. फ्रीजमध्ये एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

सलाईनमध्ये काय घालायचं, काय नाही

फिटचं औषध फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) घातलं की खडे धरतं. ते नॉर्मल सलाईनमध्येच, आणि मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही. सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक कॅल्शियमबरोबर, म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या लाइनमध्ये, मिसळू द्यायचं नाही.

पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ते थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती पुढे : टांगलेल्या बाटलीत अँप्यूल टोचून तशीच सोडतात. पोटॅशियम जड असल्याने तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिलीतच भसकन आत जातं. बाटली खाली काढा, घाला, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा आणि मगच लावा.

भाताच्या लावणीपासून ऊसतोडीपर्यंत इथे सर्पदंशाचे पेशंट येत राहतात. प्रतिसर्पविषाची पावडर १० मिली पाण्यात विरघळवताना कुपी जोरात हलवली की फेस होतो. ती हलकेच गोल फिरवायची. आणि वजनावर डोस मोजायची सवय इथे सोडा. साप मुलाला चावला म्हणून विष कमी सोडत नाही, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या, सुरुवातीला साधारण १०. बदलतं ते ज्या सलाईनमधून देतो तिचं प्रमाण. अ‍ॅलर्जीचा झटका आलाच तर लागणारं अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका.

पॅरासिटामॉलच्या सिरपबद्दल एवढंच : ‘एक चमचा’ हे माप नव्हे. १२ किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १८० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचं ते ७.२ मिली, ५ मिलीत २५० च्या सिरपचं ३.६. बाटली कुठली ते आधी बघा.

चूक सापडली, आता बोलायचं कसं?

ट्रीटमेंट शीटवर स्वतः खाडाखोड करायची नाही. पेशंटच्या किंवा नातेवाइकांच्या देखत ‘हे औषध चुकलंय’ म्हणायचं नाही. त्या घराचा सगळ्याच उपचारांवरचा विश्वास उडतो, आणि कधीकधी चुकलेले तुम्हीच असता. राउंड कॉटवरून पुढे सरकल्यावर रेसिडेंटना (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना) गाठा आणि आकडा, अडचण, पर्याय एका दमात सांगा : ‘सर, कॉट सातच्या आजींचं क्लिअरन्स ३१ येतंय. लेव्होफ्लॉक्सासिन ७५० रोज चालू आहे. एक दिवसाआड करायचं का?’ ‘डोस जास्त वाटतोय’ एवढंच म्हणालात, तर कुणी थांबणार नाही, आणि ते बरोबरच आहे. सिरिंज हातात भरलेली दिसली आणि काही चुकतंय असं वाटलं, तर मात्र राउंड संपायची वाट बघू नका. ‘सिस्टर, एक मिनिट थांबा’ हे तिथल्या तिथे म्हणा.

डिस्चार्जच्या गोळ्या

‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्यांच्याकडून करवून घ्या. रोटाकॅप (दम्याची श्वासातून ओढायची कॅप्सूल) दिली असेल तर यंत्रात घालून ओढायला सांगा. ती गोळीसारखी पाण्याबरोबर गिळणारे पेशंट खरोखर असतात. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. पाकिटावर ‘फक्त सोमवार’ असं वाराचं नाव मराठीत लिहा, कारण सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच लहान, पिवळी असते. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं असेल तर दुधाचं नक्की विचारा. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गड्याने गोळी त्याच पेल्याबरोबर घेतली, तर दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगाला लागत नाही. गोळी पाण्याबरोबर आधी, दूध किमान दोन तासांनी. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने.

नोंदी

लॉगबुक त्याच दिवशी भरा आणि सही घ्या. डी.फार्म.ला ५०० पैकी किमान २५० तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवरची औषधं देण्यात गेले पाहिजेत, हा हिशेब शेवटच्या आठवड्यात जुळत नाही. केसपेपरचा फोटो ग्रुपवर टाकू नका, नाव झाकून सुद्धा.

औषधाचा त्रास झाला असं वाटलं, तर खात्री होईपर्यंत थांबू नका. संशयावरही दुष्परिणाम कळवण्याचा फॉर्म भरता येतो. पेशंटची आद्याक्षरं आणि वय, संशयित औषध, काय त्रास झाला, आणि कळवणारा कोण, एवढं तरी हवंच. मदतीला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. फॉर्म परत येतो तो तारखांपायी : औषध कधी सुरू केलं, पुरळ कधी उठलं, बंद केल्यावर कधी उतरलं. इंजेक्शन असेल तर बॅच नंबर लगेच उतरवा. रिकामी कुपी निळ्या डब्यात पडली की तो नंबर पुन्हा हाती लागत नाही.