तालमीतल्या पैलवानाने ज्युदो शिकताना

मातीतला पैलवान ज्युदोच्या मॅटवर ताकदीत कमी पडत नाही. त्याला पडता येत नाही. चीतपट व्हायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की तोल जाताच तो हात टेकतो. सगळं वजन ताठ हातावर येतं आणि मनगट, कोपर नाहीतर खांदा जातो.

म्हणून पहिले दोन आठवडे डाव शिकूच नका. रोज 15-20 मिनिटं फक्त उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव. उकिडवं बसा, हनुवटी छातीला लावा, पाठ गोल ठेवून मागे जा आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यासकट मॅटवर आपटा. हात अंगापासून 30 ते 45 अंशांवर हवेत. खांद्याच्या रेषेत गेले तर खांदा दुखावतो. डोकं आपटत असेल तर हनुवटी सुटते आहे. हे जमलं की उभ्याने, मग कुशीवर, शेवटी कोलांटीतून.

धोबीपछाड, टांग हे डाव ज्युदोत चालतात, फक्त पकड ज्युदोच्या जाकिटाच्या कॉलर आणि बाहीची. पाचही बोटांनी आवळलं तर हात लगेच भरून येतात; करंगळीकडची तीन बोटं घट्ट, बाकी सैल. पट, म्हणजे पाय धरून पाडणं, मात्र विसरा. 2013 पासून स्पर्धेत उभ्याने पाय धरायला बंदी आहे, आणि पटासाठी वाकून उभं राहायची सवय इथे महागात पडते.

जमिनीवर दोन घोटाळे हमखास होतात. पैलवान बचावासाठी पालथा पडतो, पण इथे मागून कॉलरने गळा आवळतात. हनुवटी खाली, कोपरं अंगाशी, हात कॉलरवर ठेवा. फास बसलाच तर लगेच दोनदा थापटा; ती हार मानल्याची खूण. हट्ट केला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. दुसरा घोटाळा म्हणजे पाठ लागली की कुस्ती गेली असं समजून अंग सोडणं. दाबून धरल्यावर पूर्ण गुण मिळायला 20 सेकंद लागतात, तोवर धडपडा.

ज्युदोतून कुस्तीत आणण्यासारखी गोष्ट म्हणजे पाय झाडणं: समोरच्याचं वजन पावलावर येता येताच तळव्याने ते पाऊल उडवायचं. मॅटवर हे छान साधतं. भुसभुशीत मातीत पाय रुतत असल्याने फारसं नाही.

आठवड्यातून दोन संध्याकाळी ज्युदो पुरे, तेही लढतींचा जोर नसलेल्या दिवशी. मॅटवर जाण्याआधी अंघोळ करून नखं कापा, नाहीतर गजकर्ण साऱ्या वर्गाला वाटाल.