आईची चक्कर आणि दोन नावांची एकच गोळी

आईला उठून उभं राहिलं की चक्कर यायची. तीनदा डॉक्टरांकडे गेलो. ‘गोळ्या कुठल्या?’ विचारलं की ती म्हणायची, ‘ती पांढरी, छोटी.’ जाडजूड फाइल नेली, तर कागद सापडेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. वैताग आला होता.

चौथ्या खेपेआधी सात दिवस घरी बीपी मोजलं. सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटं टेकून बसवून, दंड छातीच्या पातळीत. मग हाताला धरून उभं केलं. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. एका सकाळी बसून बीपीचा वरचा आकडा १२४, उभं राहिल्यावर ९८. सगळं तारखेसकट वहीत. मग घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या, काढ्याची बाटलीसुद्धा, एका पिशवीत. स्ट्रिपवरचं नाव फाटलेलं नको.

खुर्चीत बसताच पहिलं वाक्य: ‘उभं राहिल्यावर चक्कर येते, दोन महिने झाले, हे आकडे.’

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली. दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपा, खाली बारीक अक्षरात बीपी कमी करणारं एकच औषध: अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ. दोन डॉक्टरांनी दिलेलं. या डॉक्टरांनी एक बंद केली (स्वतःच्या मनाने करू नका), आणि कुठली चालू ठेवायची ते मी तिथेच लिहून घेतलं. पंधरवड्यात चक्कर थांबली.