चारशे मीटर पळायचं ठरवलंय? मग आधी वळण शिका

परभणी-जिंतूर रोडला पहाटे पाचला जा, भरतीची पोरं पळताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे, शंभर आणि गोळाफेक असते, त्यामुळं तयारीही तेवढ्याचीच. चारशे कुणी पळत नाही. मीसुद्धा भरतीसाठीच सुरुवात केली होती. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत चारशेला पोरगं कमी पडलं म्हणून सरांनी माझं नाव टाकलं, आणि पुढची सात वर्षं त्या एका फेरीत गेली. राज्यात एक पदक आणि ज्युनिअर नॅशनलची सेमीफायनल, एवढी माझी मजल. आता गावाकडची मुलं विचारतात की जागतिक ज्युनिअर स्पर्धेपर्यंत जायचं तर काय करावं. मला जे उशिरा कळलं ते त्यांना लवकर कळावं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी वळण. चारशेच्या ट्रॅकवर सरळ पट्ट्या दोन, प्रत्येकी 84.39 मीटर. म्हणजे उरलेलं जवळजवळ 231 मीटर तुम्ही वळणावर पळता. निम्म्याहून जास्त शर्यत वळणावर, आणि आपली पोरं वर्षभर पळतात कुठं, तर सरळसोट डांबरी रस्त्यावर! वळणावर अंग किंचित डावीकडं झुकावं लागतं आणि उजवा हात जरा जास्त फिरतो. सवय नसेल तर शरीर बाहेर फेकलं जातं, पाऊल आपोआप आखूड पडतं.

आम्ही उपाय केला तो असा. शाळेच्या मागं मुरमाचं पटांगण होतं. मधोमध खुंटी ठोकली, तिला विहिरीचा दोर बांधला, दोर 36.50 मीटरवर ताणून धरला आणि दुसऱ्या टोकाला चुन्याचा डबा घेऊन एक पोरगा फिरला. पहिल्या लेनच्या आतल्या कडेची त्रिज्या तेवढीच असते. झालं अर्धवर्तुळ तयार. त्याच्या बाहेर 1.22 मीटरवर दुसरी रेघ मारली की लेन झाली. काळ्या रानात मात्र हे करू नका. उन्हाळ्यात भेगा पडतात, घोटा गेला की हंगाम गेला.

दुसरी गोष्ट मला बालेवाडीत शिकायला मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर उभा होतो, लेन आठवी. गावाकडं सगळे एका रेघेवरून सुटायचे. इथं आठव्या लेनवाला पहिल्या लेनपेक्षा 53 मीटर पुढं उभा असतो, कारण त्याचं वळण तेवढं लांब. पुढं कुणी दिसत नाही, मागचे कुठवर आले ते कळत नाही. मी घाबरून सुटलो तो सुटलोच. अडीचशेपर्यंत मीच पहिला होतो. तीनशेला हात कोपरापासून गार झाल्यासारखे वाटले, मान मागं गेली, गुडघे वर येईनात. शेवटचे साठ मीटर मी पळत नव्हतो, पाय ओढत होतो. सातवा आलो. रेघेपलीकडं ओकलो आणि वीस मिनिटं उठवलं नाही.

संध्याकाळी सरांनी घड्याळ दाखवलं. पहिले दोनशे 22.8 मध्ये झाले होते, आणि माझी नुसत्या दोनशेची सर्वोत्तम वेळ होती 22.6. चूक तिथंच होती. पहिले दोनशे आपल्या सर्वोत्तम दोनशेपेक्षा साधारण एक ते दीड सेकंद सावकाश पळायचे. वेग दाबून ठेवायचा नाही, अंग सैल सोडून पळायचं. चारशेत शेवटी कुणीच वेग वाढवत नाही, ज्याचा वेग कमी घटतो तो पुढं दिसतो. आठव्या लेनला मात्र नावं ठेवू नका. 2016 ला रिओत वेड व्हॅन निकर्कनं 43.03 चा विश्वविक्रम केला तो आठव्या लेनमधूनच.

सरावात माझा भर तीनशेवर. आठवड्यातून एकदा तीन वेळा तीनशे, मध्ये आठ-दहा मिनिटं विश्रांती. एक दिवस वळणावर साठ-ऐंशी मीटर पूर्ण वेगानं. ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रोवायचा ठोकळा, लेनच्या बाहेरच्या बाजूला, थोडा आतल्या रेघेकडं तोंड करून लावायचा, म्हणजे पहिली काही पावलं सरळ पडतात. चुकीच्या सुरुवातीला माफी नाही, पहिल्याच वेळी बाद. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42 ला जातो, तेव्हा सात वाजायच्या आत मैदान सोडा.

हातघड्याळाच्या वेळेवर हुरळू नका. चारशेत हाताच्या वेळेत 0.14 सेकंद मिळवून विद्युत वेळेचा, म्हणजे यंत्रानं मोजलेल्या वेळेचा, अंदाज धरतात. तालुक्याला 50.9 लागली म्हणजे यंत्रावर साधारण 51.04.

आता जागतिक ज्युनिअर. 1986 ला अथेन्सपासून ही स्पर्धा सुरू झाली, आता तिला जागतिक 20 वर्षांखालील म्हणतात. मुलांच्या चारशेत हीट (पहिली फेरी), सेमीफायनल, फायनल, म्हणजे मोजक्या दिवसांत तीनदा जीव काढायचा. एकच झकास शर्यत मारणारा तिथं टिकत नाही. वेळा बघा: 2010 ला मोंक्टनमध्ये किरानी जेम्स 45.89, 2018 ला टॅम्पेरेत बेल्जियमचा जोनाथन साकूर 45.03, 2021 ला नैरोबीत बोत्स्वानाचा अँथनी पेसेला 44.58. किरानी ग्रेनाडाच्या एका कोळीवाड्यातला. त्याच्या अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं 43.94 पळून देशाला पहिलं ऑलिंपिक पदक दिलं, तेही सुवर्ण.

त्याच टॅम्पेरेत आसामच्या शेतकऱ्याची पोरगी हिमा दास 51.46 सेकंदांत मुलींची चारशे जिंकली. ती शर्यत मी मुलांना दाखवतो. शेवटच्या वळणातून बाहेर येताना ती मागं आहे, आणि तरी तिचे खांदे वर चढलेले नाहीत. तेवढंच बघा म्हणतो. 2021 ला मिश्र रिलेत कांस्य, 2022 ला कोलंबियातल्या काली शहरात रौप्य, हेही आपल्याच पोरापोरींनी चार गुणिले चारशेत मिळवलं. एकट्याची वेळ कमी पडली तर रिलेचं दार उघडं असतं, हे विसरू नका.

कागदांचं सांगतो, कारण इथं मी स्वतः अडकलो. स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला वय 19 पेक्षा जास्त नको. 2026 च्या स्पर्धेसाठी जन्म 2007 किंवा त्यानंतरचा हवा. आपल्याकडं कितीतरी पोरांची जन्मतारीख 1 जून असते, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लिहिली. वयाच्या पडताळणीत हाडांची तपासणीही होते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. एका कार्यालयात सहा महिने खेटे घातले, तोवर खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी लटकली. दोन्ही दाखले आठवीतच जुळवून घ्या. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तिथं पदकाइतकंच त्या प्रमाणपत्राच्या पडताळणीला महत्त्व.

जिममधल्या कुणी पावडरीचा डबा दिला तर घेऊ नका. डोपिंगमध्ये सापडलात तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध, भाकरी यांवर आमची चारशे झाली.

आणि घरी समजावताना अविनाश साबळेचं नाव घ्या. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आधी सैन्यात गेला, मग स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या तीन हजार मीटरला, लागला. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचं रौप्य, 2024 ला पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत 8 मिनिटं 9.91 सेकंद. आमच्या घरी आईला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "बीडचाच का?" आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे चहा ठेवायला लागली.

सध्या पटांगणावर अकरा मुलं वळण पळतात. पाऊस झाला की रेघा धुऊन जातात, शनिवारी आम्ही दोर ताणून परत चुना मारतो. जवळपास असाल तर सहाच्या आत या, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) नसले तरी चालतील.