गॅपनंतर कम्युनिटी नर्सिंगमध्ये परत यायचंय? मग हे वाचा

मी सहा वर्षांनी परत आले. हात विसरत नाहीत गं, ड्रेसिंगची ट्रे पुढे आली की आपोआप चालायला लागतात, डोक्यातलं मात्र जुनं झालेलं असतं.

सगळ्यात आधी रजिस्ट्रेशन बघा. लॅप्स झालं असेल तर नर्सिंग कौन्सिललाच लेखी विचारा, ट्रेनिंगचे तास लागतात की परीक्षा की कोणाच्या हाताखाली काम, कारण नियम जागोजागी वेगळे असतात आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून कागद गोळा केले तर दोनदा पळापळ होते. अनुभवाचे दाखले आणि हेपेटायटिस बी लसीची नोंद आत्ताच शोधून ठेवा.

अभ्यास बदललेल्या गोष्टींचाच करा. 2010 च्या आधी शिकलेल्यांच्या डोक्यात सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचं) एबीसी, म्हणजे आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणं, पक्कं बसलंय, आता आधी छाती दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि हे वाचून येत नाही, पुतळ्यावर घाम गाळायलाच लागतो. इन्सुलिन पेन आता 100, 200, 300 युनिट पर एमएल अशी वेगवेगळ्या ताकदीची येतात, सिरिंजच्या खुणा मात्र एकाच ताकदीसाठी असतात, त्यामुळे पेनातून सिरिंजने इन्सुलिन कधीच ओढायचं नाही, डोस दुप्पट-तिप्पट जाऊ शकतो.

मुलाखतीत गॅप लपवू नका. घरी आजारी माणसाचं केलं असेल तर तेही सांगा, ते कामच आहे.

पण खरी तयारी वेगळीच. वॉर्डात अडलं तर शेजारी कोणीतरी असतं, पेशंटच्या घरात आपण एकट्याच. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे अनुभवी सिस्टरबरोबर व्हिजिटला जायला मिळावं असं जॉइन होतानाच मागून घ्या, आधी त्या करतील तुम्ही बघा, मग तुम्ही करा त्या बघतील. मागायला लाजू नका प्लीज.

माझ्या पहिल्या व्हिजिटला एका आजींच्या पायाची जखम होती, डायबेटिसची. ड्रेसिंग छान झालं, मी खुश, आणि सिस्टरनी उशीजवळचा डबा उघडला तर त्यात मेटफॉर्मिनच्या, म्हणजे डायबेटिसच्याच गोळीच्या, दोन स्ट्रिप्स, कंपन्या वेगळ्या, औषध एकच, आजी दोन्ही घेत होत्या. मी डब्याकडे बघितलंच नव्हतं. तेव्हापासून घरात गेले की बॅग उघडायच्या आधी मी म्हणते, "आजी, सगळ्या गोळ्या पलंगावर काढा बघू," आणि एकेक स्ट्रिप उलटी करून नाव वाचते.