प्लास्टिक मॉडेलवरचा जुना रंग कसा उतरवावा

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर हे नौदलाचं जुनं लढाऊ विमान जवळून पाहिलं, घरी आलो आणि शाळेत असताना रंगवलेलं त्याचं १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल माळ्यावरून खाली काढलं. ब्रशने थापलेल्या इनॅमलखाली (तेलावर आधारलेल्या रंगाखाली) पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा पार बुजल्या होत्या. अशा थरावर नवा रंग चढवू नका, आधी जुना उतरवा.

या मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. अ‍ॅसिटोन, एनसी थिनर (लाकडाच्या पॉलिशचं पातळक), अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर यांत ते विरघळतं, म्हणून ही द्रावणं जवळ आणूच नका. कुठलंही द्रावण आधी किटचे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या उरलेल्या चौकटीच्या तुकड्यावर तासभर लावून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते बाद.

सुरुवातीला मॉडेलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. रंगाबरोबर डिकल्सही (चिकटवलेली चिन्हं) जातात. सी हॅरियर उडवणाऱ्या ३०० स्क्वाड्रनचं चिन्ह असलेला पांढरा वाघ नेमका कुठे होता ते नंतर आठवत नाही. कॉकपिटची पारदर्शक काच अलगद सोडवून बाजूला ठेवा, कारण अल्कोहोलने तिला बारीक तडे जाऊ शकतात.

आता पोटाकडच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा घासा. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. बोळ्याला रंग लागला तर तो बहुधा अ‍ॅक्रेलिक (पाण्यात मिसळणारा रंग). मग मॉडेल घट्ट झाकणाच्या डब्यात अल्कोहोलमध्ये बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. झाकण उघडं ठेवू नका: आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी अल्कोहोल शोषून घेतं आणि त्याचा जोर कमी होतो. खिडक्या उघड्या हव्यात. गॅस आणि देवघरातली समई, दोन्हींपासून दूर बसा.

माझ्या जुन्या इनॅमलला अल्कोहोल पुरलं नाही. तिथे डेटॉल कामी आलं, पाणी न घालता. रात्रभर बुडवल्यावर रंग सुरकुतला. हातमोजे घालून जुन्या मऊ टूथब्रशने रेघेच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. विमानाच्या चारही नोझलच्या (इंजिनाचा झोत बाहेर सोडणाऱ्या तोंडांच्या) पट्ट्यांत रंग अडून बसतो, तो टूथपिकने काढावा. सुई प्लास्टिक ओरखडते. इथे घाई अजिबात नको, न निघाल्यास परत बुडवा. ब्रश मात्र डेटॉलमध्येच विसळा. मध्येच पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो रेघांत जाऊन बसतो. सगळा रंग निघाल्यावरच कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण.

जुने जोड आणि पुट्टी या सगळ्यात सुटू शकतात, ते पुन्हा चिकटवता येतात. वापरलेलं अल्कोहोल गाळून बाटलीत भरा. रंगाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात टाका, विहिरीच्या आसपास तर नकोच.

वाळवायला कडक ऊन नको, पातळ पंख वाकतात. पंख्याखाली एक दिवस, पावसाळ्यात दोन. पंखाच्या मुळाशी नख फिरवलं की रेघ लागली पाहिजे, तोवर प्राइमरचा डबा उघडू नका.