चाइल्ड सीट गाडीत नीट कशी बसवावी

बेळगावहून निपाणीला किंवा चोर्ला घाटातून गोव्याला निघताना तान्हे बाळ आजीच्या मांडीवर देण्याची आपल्याकडे रीतच आहे. मात्र ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो पेलण्याइतकी ताकद लागते, आणि ती कोणाच्याच हातांत नसते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद केली आहे.

सीट मागच्या बाकावरच बसवावी. पुढच्या एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट कधीही ठेवू नये, कारण एअरबॅग उघडताच तिचा तडाखा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे बसतो. लहान बाळाचे डोके जड आणि मान नाजूक असते; मागे तोंड असल्यास धक्का सीटच्या पाठीवर पसरतो. म्हणून निदान दोन वर्षांपर्यंत, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही, हीच दिशा ठेवावी. पाय दुमडतात म्हणून नातेवाईक हळहळतात, पण तेवढ्यासाठी सीट फिरवण्याची घाई करू नये.

बहुतेकांची चूक होते ती घट्टपणात. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या बाकातील कड्यांत थेट अडकणारे, हुक असतील तर ते खटकन बसेपर्यंत ढकलावेत. गाडीच्या बेल्टने बांधायची असेल तर सीटवर गुडघा टेकवून भार द्यावा आणि बेल्टचा ढिलेपणा ओढून काढावा. मग बेल्ट ज्या जागेतून जातो तिथेच सीट धरून हलवून पाहावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर पुन्हा बांधावी.

बाळाचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, आणि पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर असावेत. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. बेळगावच्या थंडीत कुंची, स्वेटर आणि वर दुपटे अशा थाटात बाळ निघते, पण जाड कपडा धक्क्याने चेपला जातो आणि घट्ट वाटणारा पट्टा क्षणात सैल पडतो. आधी पट्टे आवळावेत, मग त्यांच्यावरून दुपटे पांघरावे.

मोठ्या मुलाला उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, द्यावा; त्यामुळे गाडीचा बेल्ट मानेवर न येता खांद्यावरून आणि पोटाऐवजी मांड्यांच्या वरच्या भागावरून जातो. जुनी सीट घेताना ती अपघातातील नाही एवढी खात्री करावी. ओळखीतली नसेल तर मी ती घेणार नाही.

घाटात बाळ रडू लागले, तर पट्टा सोडून मांडीवर घेण्याचा मोह होतोच. अशा वेळी वळण ओलांडून मोकळ्या जागी गाडी उभी करावी, बाळाला बाहेर घ्यावे, आणि पट्टे पुन्हा आवळल्यावरच चावी फिरवावी.