प्लग काढल्यावरही उरणारे ३००० व्होल्ट
‘३-५००झेड’ या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) रेडिओ अ‍ॅम्प्लिफायरला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. त्यासाठी २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) एकसरीत जोडले, तर प्लग काढल्यावरही त्यांत शंभराहून अधिक ज्यूल ऊर्जा शिल्लक राहते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. प्रत्येक कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा, किमान ३ वॅटचा रेझिस्टर असल्यास त्यातून भार ओसरून दीड-दोन मिनिटांत विद्युतदाब ३० व्होल्टांखाली येतो. मात्र त्यांतला एकच रेझिस्टर आतून तुटलेला असला, तर तेवढा कपॅसिटर भारित राहतो, आणि बाहेरून मुळीच कळत नाही. म्हणून पॅनेलवरच्या मीटरवर विसंबू नये. आधी चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) घट्ट जोडलेली, लांब इन्सुलेटेड दांड्याची अर्थिंग काठी एक हात पाठीमागे ठेवून उच्चदाबाच्या टोकाला लावावी, मग प्रत्येक कपॅसिटर स्वतंत्रपणे तपासावा, आणि काम संपेपर्यंत काठी तिथेच अडकवलेली असू द्यावी.